गर्दीतून बाजूला

अभ्यासपाठ
शास्त्रवाचन : मार्क ७:३१-३७, लूक २:४१-५१, १ राजे १९:३-८



या पाठाची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करावी लागेल. ती टाळून पुढचे काही सांगितले, तर ते खरे वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नवापूर तालुक्यातल्या एका गावी तीन दिवसांची वार्षिक सभा होती. शेतात मांडव घातला होता, चार कोपऱ्यांत चार भोंगे, स्टेजवर कीबोर्ड आणि ढोल, मांडवामागे जनरेटर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्तुतिगीते सुरू झाली आणि बायकांच्या बाजूला बसलेला एक सात-आठ वर्षांचा मुलगा दोन्ही हातांनी कान दाबून किंचाळू लागला. आई त्याला उचलायला गेली, तर तो तिच्या मनगटाला चावला आणि सतरंजीवर डोके आपटू लागला. लोक वळून वळून बघत होते. माझ्या छातीवर व्यवस्थापकांचा बिल्ला होता. मी तिच्याजवळ गेले, तिच्या कानाशी वाकले आणि अगदी गोड आवाजात म्हटले, "बाई, त्याला जरा बाहेर नेता का? लोकांना वचन ऐकू येत नाही."

ती गेली. बाहेर जनरेटर धडधडत होता, म्हणजे मी त्या मुलाला एका आवाजातून काढून दुसऱ्या आवाजात पाठवले होते. तिने तिथे थोडा वेळ काढला असेल. मग अंधारात, मुलाला पाठीशी बांधून, ती चालत आपल्या पाड्यावर परतली. त्यानंतर पावणेदोन वर्षे ती मंडळीत आली नाही. पाळकांनी एकदोनदा चौकशी केली. मी केली नाही.

शेवटी मी तिच्या घरी गेले तीही दुसऱ्याच कामाने, महिला बचत गटाच्या कागदांसाठी. तिने चहा केला. तक्रार काही केली नाही. मीच विचारले तेव्हा म्हणाली, "ताई, मी आता कुठेच जात नाही. बाजाराला नाही, माहेरी नाही. भावाचे लग्न झाले तेव्हा मी मागच्या घरात याला घेऊन बसले होते. वरात कशी होती ते मी फोटोत पाहिले." तिचा नवरा दुसऱ्या दोन मुलांना घेऊन सगळीकडे जातो आणि ही थोरल्याला घेऊन घरी राहते. एका घराचे असे दोन तुकडे झाले होते आणि त्यातला एक तुकडा आमच्या मांडवात पडला होता.

आता मुलाविषयी. त्याला स्वमग्नता आहे, ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात. बोलतो थोडेच, पण समजते त्याला पुष्कळ. त्या रात्री त्याला काय झाले, हे मला नंतर प्रशिक्षणात कळले. आपण शाळेत पाच इंद्रिये शिकलो. शरीराला याहून अधिक जाणिवा असतात. आतल्या कानात तोलाची जाणीव असते, तिच्यामुळे घाटात गाडी वळली की आपल्याला मळमळते. स्नायूंमध्ये आणि सांध्यांमध्ये एक जाणीव असते, तिच्यामुळे डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे कळते. आणि पोटाच्या आतली एक असते, भूक, लघवी, दुखणे सांगणारी. हे सगळे एकाच वेळी मेंदूत येऊन आदळत असते आणि मेंदू त्यातले बहुतेक चाळून टाकतो. तुम्ही हे वाचत आहात तेव्हा तुमच्या कपड्याची शिवण खांद्याला लागते आहे. मी सांगेपर्यंत ती तुम्हाला जाणवत नव्हती.

काही मुलांची ही चाळण निराळी असते. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांविषयी लिहिले आणि तिथून ऑटिझमचा अभ्यास सुरू झाला. मोठ्या आवाजाची या मुलांना वाटणारी भीती त्यांनी तेव्हाच नोंदवली होती. पुढे जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी या जाणिवांच्या गोंधळावर आयुष्यभर काम केले. २०१३ पासून तर डॉक्टर निदान करताना ज्या खुणा पाहतात, त्यांत ही गोष्ट अधिकृतपणे धरलेली आहे. काही मुलांना आवाज, उजेड, वास, स्पर्श फार जास्त लागतो. काहींना फार कमी लागतो, म्हणून ती स्वतःला गरगर फिरवतात, भिंतीला धडका देतात, तोंडात माती घालतात. एकाच मुलात दोन्ही असू शकते. आमचा हा मुलगा भोंग्याने कोलमडतो, पण उन्हाळ्यात तापलेल्या वाळूवर अनवाणी चालतो आणि त्याला काही वाटत नाही.

हट्ट आणि हे कोलमडणे यांतला फरक प्रत्येक संडेस्कूल शिक्षकाला ठाऊक हवा. हट्ट करणारे मूल मधूनमधून तुमच्याकडे बघते, आणि हवे ते मिळाले की थांबते. कोलमडलेले मूल कोणाकडे बघत नाही. त्याला गोळी दिली, खेळणे दिले, मारले, तरी ते थांबत नाही, कारण थांबणे त्याच्या हातात राहिलेले नसते. त्या वेळी त्याला शिस्त लावायला जाणे म्हणजे फिट आलेल्या माणसाला सरळ बस म्हणण्यासारखे आहे.

हे समजल्यावर मी मार्काचा सातवा अध्याय पुन्हा वाचला. डिप्लोमाला असताना या भागावर मी निबंध लिहिला होता आणि चांगले गुणही मिळाले होते. दकापलीसच्या प्रदेशात लोक एका बहिऱ्या आणि तोतऱ्या माणसाला येशूकडे आणतात आणि त्याच्यावर हात ठेवण्याची विनंती करतात. निबंधात मी 'इप्फाथा' या अरामी शब्दावर दोन पाने भरली होती. ३३ व्या वचनाच्या सुरुवातीकडे माझे लक्षच गेले नव्हते. येशू सर्वांत आधी त्या माणसाला लोकसमुदायातून काढून एकीकडे, एकांतात नेतो. बरे करणे त्यानंतर येते.

इथे थोडे थांबून विचार करा. गर्दीसमोर केले असते तर चमत्कार मोठा दिसला असता. आणणाऱ्यांचीही तीच अपेक्षा असणार. पण जन्मभर ज्याला लोकांचे हलणारे ओठच दिसले, त्याच्याभोवती शंभर माणसे दाटली तर त्याला काय कळणार? पुढे पाहा. येशू त्याच्या कानांत बोटे घालतो, त्याच्या जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो, उसासा टाकतो. ऐकू न येणाऱ्याला जे दिसेल आणि जाणवेल त्याच भाषेत तो बोलतो आहे : आता तुझे कान, आता तुझी जीभ, आणि हे वरून येणार आहे. काय घडणार ते त्या माणसाला आधी कळते आणि मग घडते. आज विशेष शिक्षिका मुलांना चित्रांच्या पट्टीवर 'आधी हे, मग ते' दाखवतात, तेव्हा मला हा भाग आठवतो. पुढच्याच अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्यालाही येशू हाताला धरून गावाबाहेर नेतो. म्हणजे ही एकदाच घडलेली गोष्ट नव्हे, ही त्याची रीत दिसते.

मी त्या आईला बाहेर जायला सांगितले होते आणि येशूही त्या माणसाला बाहेर नेतो. फरक एवढाच की तो स्वतः बरोबर गेला.

आपल्या मंडळ्यांत एक गोष्ट अजून बोलली जाते, तिच्याविषयी स्पष्ट लिहिते. अशा मुलाला दुरात्मा लागला आहे, किंवा आईबापांचे काही पाप आहे, किंवा विश्वास कमी पडला म्हणून मूल बरे होत नाही. योहान ९ मध्ये शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि येशूने दोन्ही कारणे नाकारली. मत्तय ४:२४ काढून पाहा : तिथे दुरात्म्यांनी पछाडलेले, फेफरेकरी आणि पक्षाघाती यांची नावे वेगवेगळी दिली आहेत. शुभवर्तमान लिहिणाऱ्याला हा फरक कळत होता. मार्क ७ मधल्या माणसाच्या बाबतीत दुरात्म्याचा उल्लेखही नाही. मग आपण कशाच्या आधारावर तो करतो? आजाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, मीही करते. पण फिटच्या गोळ्या बंद करून उपास धरायला सांगणारा मनुष्य कोणीही असो, त्याचे ऐकू नका. अचानक गोळ्या बंद झाल्याने झटके वाढतात आणि मूल दगावूही शकते.

आता मुख्य विषय, कुटुंबाने मिळून बाहेर पडणे. शहरातल्या पुस्तकांत यावर जे लिहिलेले असते ते मॉल, सिनेमागृह आणि संग्रहालयाचे असते. आपल्याकडे बाहेर पडणे म्हणजे आठवड्याचा बाजार, लग्न, जत्रा, होळी, नाताळ, मामाचे गाव, आणि वर्षातून एखादे वेळी जीप करून तोरणमाळ किंवा उनपदेवचे गरम पाण्याचे झरे. शहरवाल्यांना पैसे देऊन जे शोधावे लागते ते आपल्या दाराशी आहे, हे मात्र आपण विसरतो. भोंगा नसलेली मोकळी जागा, सावली, वाहते पाणी, वाळू, हलणारी फांदी. स्वमग्न मुलाला शांत करायला थेरपी केंद्रात वाळूचे टेबल आणि झोका ठेवतात. रंगावलीच्या काठी दोन्ही फुकट आहेत.

म्हणून पहिली सहल जवळची आणि लहान ठेवा. आमच्या त्या कुटुंबाची पहिली सहल घरापासून पंधरा मिनिटांवर, ओढ्याकाठी होती. सगळे गेले, आई, बाप, तिन्ही मुले आणि आजी. शनिवारी सकाळी गेलो, बरोबर भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. मीही गेले होते, पण जरा लांब बसले. तासाभरातच परत यायचे असे आधीच ठरले होते आणि मुलगा मजेत असतानाच आम्ही उठलो. बापाला ते पटत नव्हते, "आता कुठे खेळायला लागला, बसू द्या ना." पण मूल थकून कोलमडेपर्यंत थांबलो, तर त्याला ती जागा त्या शेवटाने आठवते. चांगले चालले असताना परतलो, तर पुढच्या वेळी ते स्वतः चपला आणून देते. हा मुलगा तिसऱ्या वेळी खरोखर चपला घेऊन दारात उभा राहिला.

निघण्याआधी मुलाला दाखवायचे. आम्ही घराच्या भिंतीवर कोळशाने चार चित्रे काढली : घर, वाट, पाणी, पुन्हा घर. शेवटचे 'पुन्हा घर' विसरू नका. कित्येक मुलांची भीती हीच असते की हे कधी संपणार ते कळत नाही. एकेक टप्पा झाला की त्यावर बोट ठेवून फुली मारायची. मोबाईलमधले फोटो दाखवले तरी चालतात, पण कोळशाच्या चित्राला चार्जिंग लागत नाही.

बाजार ही त्याहून अवघड गोष्ट. मासळीचा वास, कोंबड्यांचा कलकलाट, कर्ण्यावरून ओरडणारे विक्रेते, ताडपत्रीखालचा उकाडा, आणि चारही बाजूंनी घासून जाणारी माणसे. मोठ्या माणसाचेही डोके उठते. दुपारच्या ऐन गर्दीत जाण्यापेक्षा दुकाने मांडली जात असताना, सकाळी लवकर जा. पहिल्या खेपेला काही विकत घ्यायचे नाही, नुसते एका टोकाला उभे राहून परत यायचे. पुढच्या खेपेला एकच वस्तू, त्याच्या आवडीची, एकाच दुकानातून. गर्दीत हलका, उडता स्पर्श अशा मुलांना फार बोचतो. घट्ट, भरीव स्पर्श बहुतेकांना चालतो. म्हणून गालाला कुरवाळू नका, ओळखीच्या माणसाने हात घट्ट धरावा. खांद्यावर थोडे वजन असले की कित्येक मुलांना बरे वाटते, म्हणून छोटी पिशवी त्यालाच द्यावी, त्यात अर्धा किलो कांदे. शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले हरभरे असे जोर लावून चावायचे खाणेही शांत करते, मात्र मुलाला गिळायचा त्रास नाही याची खात्री असेल तरच. कानांसाठी कापूस फारसा उपयोगी नाही, आणि तो खोल कोंबणे धोक्याचे. लाकूड कापणारे किंवा दगड फोडणारे कामगार कानांवर हेडफोनसारखे जाड आवरण लावतात ते उत्तम. ते हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आधी घरी दोन-दोन मिनिटे सवय करावी लागते, एकदम बाजारात लावले तर मूल ते भिरकावून देते.

लग्नात सगळ्यांत वाईट डीजे. त्याचा ठोका छातीत बसतो, कानांवर काही लावून तो थांबत नाही. तिथे एकच उपाय, अंतर. पाहुण्यांना आधीच सांगा की आम्ही हळदीला येऊ, जेवायला येऊ, वरातीत नाही. आणि एक शांत खोली, नाही तर गोठ्याजवळची एखादी जागा, आधी मागून ठेवा. मुलाला तिथे कोंडायचे नाही. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच ती जागा त्याला दाखवून ठेवायची आणि 'नको झाले की इथे' अशी एक खूण ठरवायची. त्याच्याजवळ कोण बसेल, याच्या पाळ्या लावा. नेहमी आईच बसली तर ते कुटुंबाचे बाहेर पडणे झाले नाही, फक्त आईची कोंडी जागा बदलून झाली.

पाळीचा विषय निघाला म्हणून लूक २. मरीया, योसेफ आणि बारा वर्षांचा येशू वल्हांडणाला यरुशलेमेला जातात. नातेवाइकांचा तांडा, सणाची गर्दी. परतताना एक दिवसाची वाट चालून झाल्यावर लक्षात येते की मुलगा नाही. दोघांनाही वाटले होते की तो सोबतच्या मंडळींत असेल. अशा चांगल्या आईबापांनाही ते चुकले नाही. जिथे दहा मोठी माणसे असतात तिथे प्रत्येकाला वाटते की दुसरा बघतो आहे. म्हणून सहलीत 'सगळ्यांनी लक्ष ठेवा' असे सांगू नका. अर्धा तास काका, अर्धा तास मोठी बहीण, असे नावाने सांगा, आणि पाळी बदलताना 'आता तुझ्याकडे' असे तोंडाने म्हणा. स्वमग्न मुले न सांगता निघून जातात आणि कित्येकांना पाण्याची ओढ असते. विहीर, बंधारा, धरणाचे पाणी जवळ असेल तर डोळा क्षणभरही हटता कामा नये. मुलाच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवून टाका. बोलता न येणारे मूल हरवले तर तेवढाच त्याचा आवाज असतो.

प्रवासाविषयी थोडक्यात. एस.टी.त खिडकीची जागा, शक्यतो पुढच्या बाजूला. सुरत-भुसावळ मार्गावरची पॅसेंजर कित्येक मुलांना बसपेक्षा मानवते, कारण तिची लय एकसारखी असते आणि पाय मोकळे करता येतात. नवापूर स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. आमच्या मुलाला तिथल्या बाकावर बसून मालगाडीचे डबे मोजायला आवडते, गाडीत बसलो नाही तरी चालते. इंजिनाची शिटी मात्र त्याला सोसत नाही, म्हणून आम्ही फलाटाच्या टोकाला बसत नाही. तोरणमाळला जायचे तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. रविवारी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत यशवंत तलावाकाठी पाय ठेवायला जागा नसते. घाटात दोनदा थांबा, पोट रिकामेही नको आणि भरलेलेही नको.

सगळी मुले स्वमग्न नसतात, हेही ध्यानात ठेवा. श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला यंत्र गर्दीचा गोंगाटही वाढवून देते, त्याला अधूनमधून यंत्र काढून बसू द्या. आपल्या आदिवासी भागात सिकलसेलची मुले पुष्कळ आहेत. त्यांना थंड पाण्यात डुंबणे, पाणी कमी पिणे, फार दमणे यांनी वेदनांचा झटका येऊ शकतो, म्हणून त्यांना नदीवर काठाशी खेळवा आणि पाणी पाजत राहा. ज्याला फिट येते त्याच्या गोळ्या सहलीच्या पिशवीत आधी भराव्यात, भाकरी नंतर. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नये, चप्पल किंवा कांदा हुंगवू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना.

एक काम सहलीपूर्वीच करून ठेवण्यासारखे आहे, ते कागदांचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि सिकलसेल हे तिन्ही त्यात आहेत. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजना लागू होतात, एस.टी.च्या भाड्यातही सवलत मिळते. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांना मूल दाखवा. आपल्याकडे आईबाप पथक आले की असे मूल शेतावर पाठवून देतात, लाज वाटते म्हणून. मंडळीच्या वडिलांनी घरी जाऊन ही लाज काढली पाहिजे. आम्हा कार्यकर्त्यांपेक्षा त्यांचे ऐकले जाते.

आणि मंडळी? कुटुंबाच्या बाहेर पडण्यात रविवारची उपासनाही येते. कित्येक आदिवासी घरांसाठी आठवड्यातले तेवढेच एक बाहेर पडणे असते. आपले पत्र्याचे छत, चुन्याच्या भिंती, त्यात मोठा साउंड सिस्टिम. चाळीस माणसांच्या उपासनेला दोन हजार वॅटचा आवाज कशासाठी, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; ती पाळली तरी अर्धे काम होईल. होरेबाच्या वाटेवर एलीया थकून रतामाच्या झुडपाखाली पडला, मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिले, मग भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. उपदेश आणि प्रश्न नंतर आले. आपल्या मंडळीत असे झुडूप कुठे आहे, याचा विचार करावा. दाराजवळची एक चटई, तिथे बसणाऱ्याला कोणी वळून बघायचे नाही एवढा नियम, आणि उठून बाहेर गेले तर मागून एक माणूस पाण्याचा तांब्या घेऊन जाणार. इतके पुरे होते. आमच्याकडे पहिले गीत आता वाद्यांशिवाय म्हणतात. तरुण संघ आधी नाराज होता. मग त्यांच्यातल्याच एकाची भाची अशी निघाली, तेव्हा त्यांनीच भोंगे मांडवाच्या बाहेरच्या बाजूला वळवले.

हा पाठ महिला मंडळात किंवा घरसभेत घेताना मार्क ७:३३ मोठ्याने वाचून एकच प्रश्न विचारावा : आपल्या गावातले कोणते कुटुंब अर्धेच बाहेर पडते? नावे निघतील. नावे निघाली की लगेच प्रार्थना करून विषय मिटवू नका, त्या घरी कोण आणि कोणत्या दिवशी जाणार ते ठरवा. गेल्यावर सल्ला देऊ नका. "तुम्ही बाजाराला जाऊन या, आम्ही दोन तास याच्याजवळ बसतो," असे म्हणा, आणि खरेच बसा. आधी त्याच्या आईकडून शिकून घ्या की त्याला काय सोसत नाही. तिच्याइतके ते कोणाला ठाऊक नसते.

मी त्या आईची माफी मागितली ती ओढ्याकाठी, दुसऱ्या सहलीला. ती म्हणाली, "तुम्ही नीटच बोलला होता ताई. म्हणूनच जास्त लागले." मला त्यावर काही उत्तर सुचले नाही. मुलगा वाळूत कोपरापर्यंत हात खुपसून बसला होता.

गेल्या नाताळला ते सगळे आले. मुख्य उपासना सकाळी दहाला होती, ते साडेआठलाच आले, मांडव रिकामा असताना. पाळकसाहेबांनी मुलाला काम दिले होते : गुंडाळलेल्या सतरंज्या गाडीतून उचलून आणायच्या आणि पसरायच्या. जड काम त्याला आवडते. अकरा सतरंज्या त्याने एकट्याने टाकल्या, कडेला कड जुळवून, आणि कोणी त्यांवर चपला घालून आला तर त्याचा हात धरून खाली उतरवले. लोक जमू लागले तसा तो दाराजवळच्या चटईवर गेला, कानांवर ते पिवळे आवरण लावले. या वेळी बाप त्याच्याजवळ बसला. आई पुढे बायकांत बसली होती, धाकट्या मुलीला मांडीवर घेऊन. प्रभुभोजनापर्यंत ते थांबले नाहीत, उपदेश चालू असतानाच मुलाने बापाच्या हातावर खूण केली आणि ते दोघे उठून बाहेर आंब्याखाली गेले. मागून एक तरुण पाणी घेऊन गेला. आईने वळून पाहिले, आणि पुन्हा समोर पाहू लागली.